चरबीच्या सूक्ष्म पिशवीत चुंबकीय कण: निरोप नेमका पोचवतं कोण?

सुरंगी
मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. एम.एस्सी.च्या मुलांच्या प्रकल्पासाठी यंदा मॅग्नेटोलिपोसोम, म्हणजे चुंबकीय कण भरलेल्या चरबीच्या सूक्ष्म पिशव्या, हा विषय घेतलाय. मराठीत यावर वाचायला फारसं काही मिळत नाही, आणि जे फिरतं त्यात भीतीच जास्त असते. म्हणून हा धागा काढते आहे. भौतिकशास्त्रवाले, डॉक्टर, इलेक्ट्रॉनिक्सवाले, सगळ्यांनी यात पडावं ही विनंती.

आधी पिशवीबद्दल. फॉस्फोलिपिड नावाच्या रेणूचं डोकं पाण्याला धरून राहतं आणि त्याच्या दोन शेपट्या पाणी टाळतात. असे असंख्य रेणू पाण्यात सोडले की ते आपोआप दोन थरांचा पापुद्रा बनवतात आणि तो मिटून गोल पिशवी होते. पापुद्र्याची जाडी जेमतेम ४ ते ५ नॅनोमीटर. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला केंब्रिजजवळच्या बाब्राहम इथे अ‍ॅलेक बँगहॅम यांनी या पिशव्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. त्यांनाच आपण लिपोसोम म्हणतो. आपल्या प्रत्येक पेशीचं आवरण याच घडणीचं आहे.

आता या पिशवीत मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोहाच्या एका काळ्या ऑक्साइडचे, १० ते २० नॅनोमीटरचे कण भरायचे. दी क्युपर आणि योनियाऊ यांनी १९८८ साली अशा चुंबकीय लिपोसोमवर लेख लिहिला. पुढे लोकांनी पिशवीत औषध किंवा रंगद्रव्य कोंडलं, बाहेरून वेगाने उलटसुलट होणारं चुंबकीय क्षेत्र लावलं, कण तापले, पापुद्रा सैल झाला आणि आतलं द्रव्य बाहेर आलं. शेजारच्या पेशीला ते द्रव्य ओळखता येत असेल तर तिला निरोप मिळाला असं म्हणता येतं. तार नाही, सुई नाही, प्रकाश नाही. चुंबकीय क्षेत्र शरीरातून जवळजवळ अडथळ्याविना जातं, ही यातली सर्वांत मोठी सोय.

२०१९ साली एमआयटीत पोलिना अनिकेवा यांच्या गटाने हे उंदरांच्या मेंदूत करून दाखवलं. पिशव्या मेंदूच्या ठरावीक भागात टोचल्या. तिथल्या चेतापेशी जनुकीय बदल करून एका विशिष्ट रसायनाला प्रतिसाद देतील अशा केल्या होत्या. क्षेत्र लावल्यावर पिशव्यांतून ते रसायन सुटलं आणि उंदरांच्या वागण्यात फरक पडला.

माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडते. यात चुंबकाचं काम फक्त उष्णता देण्याचं आहे. निरोप रसायन नेतं. आणि सगळी करामत पापुद्रा कोणत्या तापमानाला सैल होतो, यात आहे. लोक चुंबकावर अडून बसतात आणि चरबीकडे बघत नाहीत.

रापण
मी मालवणचो. ह्या सगळा वाचलंय, बरा वाटला. पण ताई, दोन गोष्टी माका कळाक नायत. एक, चरबी सैल होता म्हणजे नक्की काय होता? वितळता काय? आणि दुसरा, आमच्या वेळेवर, म्हंजे किनाऱ्यार, काळी रेती येता, तिका लोहचुंबक लावलो तर चिकटता. ती रेती बारीक वाटून ह्या कामाक चलात काय?

सुरंगी
रापणदादा, दोन्ही प्रश्न मुळालाच हात घालणारे आहेत.

आधी चरबी. कोकमाच्या बियांचं मुठेल तुमच्याकडे असेलच. भर मे महिन्यातही त्याचा गोळा घट्ट राहतो, पण टाचेच्या भेगेवर चोळला की अंगाच्या उबेने पसरतो. खोबरेल मात्र उन्हाळ्यात पातळच असतं. हा फरक शेपट्यांमुळे पडतो. मुठेलात सरळ, लांब, संपृक्त शेपट्यांचं स्टिअरिक आम्ल भरपूर असतं. सरळ शेपट्या एकमेकींना चिकटून दाटीने बसतात, म्हणून त्यांना हलवायला जास्त उष्णता लागते. पापुद्र्यातही तोच नियम आहे. डीपीपीसी नावाच्या लिपिडला १६ कार्बनच्या दोन सरळ शेपट्या असतात आणि ते ४१ अंश सेल्सियसला घट्ट अवस्थेतून प्रवाही होतं. शेपट्या १८ कार्बनच्या केल्या तर हाच आकडा ५५ वर जातो. १८च कार्बन ठेवून प्रत्येक शेपटीत एक दुहेरी बंध घातला की शेपटीला बाक येतो आणि तो उणे १७ वर उतरतो.

म्हणजे पिशवी फुटत नाही. रेणूंची रांग मोडते, ते इकडेतिकडे सरकू लागतात. याहून मजेची गोष्ट म्हणजे गळती सर्वांत जास्त होते ती बरोबर ४१च्या आसपास. तेव्हा पापुद्र्यात काही तुकडे घट्ट आणि काही प्रवाही असे शेजारी शेजारी असतात आणि त्यांच्या सीमेवर रेणूंची जुळणी नीट होत नाही. तिथून आतलं द्रव्य निसटतं. शरीराचं तापमान ३७, उंबरठा ४१. मधल्या ४ अंशांत सगळा खेळ आहे. म्हणून डीपीपीसीला एवढी किंमत आहे, आणि बाजारात स्वस्त मिळणारं सोया लेसिथिन या कामाला निरुपयोगी आहे. ते आपल्याकडच्या हवेत आधीच प्रवाही असतं, त्याला उंबरठाच उरत नाही.

काळ्या रेतीचं भाट्ये सरांनी सांगावं. ते इथे आहेत हे मला माहीत आहे.

भाट्ये_खाडी
आहे, वाचतो आहे.

रत्नागिरीत पांढरा समुद्र आणि काळा समुद्र अशी दोन किनाऱ्यांची नावंच आहेत. काळी वाळू सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन नद्यांनी आणलेली. तिच्यात मुख्यतः इल्मेनाइट असतं, म्हणजे लोह आणि टायटॅनियमचं ऑक्साइड, आणि बरोबर मॅग्नेटाइट. लोहचुंबकाला झटकन उडून चिकटतं ते मॅग्नेटाइट. इल्मेनाइटचं आकर्षण फार क्षीण असतं.

वाटून मात्र चालणार नाही. वाळूचा ०.१ मिलिमीटरचा कण हा २० नॅनोमीटरच्या कणाच्या ५००० पट रुंद. वाटून एवढं बारीक करणं अवघड, आणि केलं तरी आकार एकसारखा येत नाही, शिवाय टायटॅनियम मिसळलेलं राहतं. नॅनोकण खालून वर बांधतात. लोहाचे दोन क्षार, फेरस आणि फेरिक, १ ला २ या प्रमाणात पाण्यात घ्यायचे आणि ढवळत ढवळत अमोनिया घालायचा. द्रावण बघता बघता काळं होतं. ही पद्धत मासार यांनी १९८१ साली दिली. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहज होते.

आकार इतका लहान का लागतो, तेही सांगतो. मोठ्या मॅग्नेटाइटच्या तुकड्यात चुंबकत्वाचे अनेक प्रदेश असतात. साधारण २० ते २५ नॅनोमीटरच्या खाली एका कणात एकच प्रदेश राहतो आणि सभोवतालच्या उष्णतेच्या धक्क्यांनीच त्याची दिशा फिरत राहते. बाहेरचं क्षेत्र काढलं की अशा कणांचं एकत्रित चुंबकत्व शून्य. त्यामुळे ते एकमेकांना चिकटून गोळे होत नाहीत. पिशवीत भरायचे असतील तर हे फार महत्त्वाचं.

सड्यावरचा
मी देवगडचा, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे. मॅडम, एक शंका. कण क्षेत्रात तापतो, म्हणजे त्याच्या पृष्ठभागावर एकदम ६०-७० अंश होत असणार आणि लागूनच असलेला पापुद्रा वितळत असणार, बरोबर? मग एकेका पिशवीला वेगळा पत्ता देता येईल. एका आकाराचे कण एका फ्रीक्वेन्सीला, दुसरे दुसऱ्या. प्रत्येक पिशवी स्वतंत्र रिसीव्हर.

भाट्ये_खाडी
बाळा, कल्पना चांगली आहे, पण आधी गणित करू. कागद घे.

२२ नॅनोमीटर व्यासाचा मॅग्नेटाइटचा कण. त्याचं वस्तुमान येतं सुमारे ३ भागिले १० चा १७ वा घात इतके ग्रॅम. चांगले कण चांगल्या क्षेत्रात दर ग्रॅमला ५०० वॉट उष्णता देतात असं धरू. म्हणजे एका कणाची शक्ती साधारण १.५ भागिले १० चा १४ वा घात वॉट. पाण्यात बुडालेल्या गोळ्याच्या पृष्ठभागाची तापमानवाढ म्हणजे शक्ती भागिले (४ × π × पाण्याची उष्णतावाहकता × त्रिज्या). वाहकता ०.६, त्रिज्या ११ नॅनोमीटर. उत्तर येतं एका अंशाच्या एक कोटीव्या भागाच्या दुप्पटीहून थोडं कमी.

६०-७० अंश तर सोडाच, एक अंशही नाही. इतक्या लहान गोळ्याभोवतीचं पाणी उष्णता क्षणार्धात ओढून नेतं.

मग तापतं काय? सगळं द्रावण. १ मिलिलीटर पाण्यात १ मिलिग्रॅम कण असतील तर त्याच हिशेबाने ०.५ वॉट मिळतात आणि पाणी सेकंदाला ०.१२ अंशाने चढतं. ३७ वरून ४१ ला जायला, बाहेर जाणारी उष्णता न धरता, अर्ध्या मिनिटाहून थोडा जास्त वेळ. अब्जावधी कण मिळून पाणी तापवतात आणि ते पाणी पिशव्यांना तापवतं. एकट्या कणाला एकट्या पिशवीशी काही बोलता येत नाही.

सुरंगी
सर, हे इतकं स्वच्छ मांडलंत की मुलांना हेच वाचायला देणार आहे. पण या बाबतीत वाद मिटलेला नाही, हेही नोंदवायला हवं. २०१० साली आर्न्ड प्राले यांच्या गटाने पेशींच्या पृष्ठभागावर कण बसवून, तिथल्या रंगद्रव्याच्या चमकेवरून तापमान मोजलं आणि कणांजवळ ते आजूबाजूपेक्षा वेगाने चढलं असं लिहिलं. तसंच जेफ्री बोथन आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी ५ नॅनोमीटरचे, तेलकट आवरणाचे कण पाण्यात न ठेवता थेट डीपीपीसीच्या पापुद्र्यात रुतवले आणि क्षेत्राने गळती घडवली. कण पापुद्र्याच्या आत असेल तर तो शेपट्यांची दाटी आधीच बिघडवतो, मग थोड्या उबेनेही रांग मोडते. माझा कल या स्पष्टीकरणाकडे आहे. कण किती तापला यापेक्षा तो कुठे बसलाय हे महत्त्वाचं.

सड्यावरचा
सर, गणित दोनदा करून पाहिलं, तेवढंच येतं. मग पिशवी अँटेना नाहीच. मग यातून माहिती किती पाठवता येईल?

सुरंगी
फार थोडी. आणि याचं कारण चुंबक नाही, पाणी आहे.

सुटलेलं रसायन पुढे जातं ते विसरणाने, म्हणजे रेणू पाण्यात आपोआप इकडेतिकडे पसरत जाण्याने. लहान रेणूचा पाण्यातला विसरण गुणांक साधारण ५ भागिले १० चा १० वा घात चौरस मीटर प्रति सेकंद. लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो. ०.१ मिलिमीटर जायला सुमारे १० सेकंद. १ मिलिमीटर जायला १००० सेकंद, म्हणजे पाव तासाहून जास्त. आणि १ सेंटिमीटर जायला सव्वा दिवसाच्या जवळपास. शिवाय एकदा सोडलेलं रसायन परत आत भरता येत नाही, त्यामुळे दुसरा निरोप पाठवण्याआधी पहिला विरून जाण्याची वाट बघायची, आणि पिशवी रिकामी झाली की संपलं. टेलिकम्युनिकेशनच्या भाषेत सांगायचं तर एक बिट, तोही एकेरी दिशेचा, तोही मोजक्या वेळा.

निसर्गाने यावर काय उपाय केलाय बघ. आपल्या चेतापेशींच्या टोकांशी अशाच पिशव्या असतात, सुमारे ४० नॅनोमीटरच्या, रसायनाने भरलेल्या. पण दोन पेशींमधली फट २० ते ३० नॅनोमीटरच ठेवलेली आहे. एवढं अंतर रेणू मायक्रोसेकंदांत पार करतो. पिशवी उघडायची खूण कॅल्शियम देतं, ती पेशीच्या कडेला मिसळून उघडते, आणि रिकाम्या झालेल्या पिशव्या पेशी पुन्हा भरून घेते. पिशव्यांच्या या वाहतुकीच्या कामासाठी रॉथमन, शेकमन आणि स्यूडहॉफ यांना २०१३चं नोबेल मिळालं. आपण काचेच्या नळीत जे करतो ते त्याच्या मानाने फारच प्राथमिक आहे, पण तत्त्व तेच आहे आणि म्हणूनच मला ते शिकवायला आवडतं.

सड्यावरचा
जर्मनीत एर्लांगेनला चुंबकीय कणच नळीतून वाहवून, शेवटी सेन्सरने मोजून संदेश पाठवलेत, ते मॉलिक्युलर कम्युनिकेशनच्या, म्हणजे रेणू-कणांनी निरोप पाठवण्याच्या विषयाच्या, तासाला शिकवलं होतं. तिथे वाहतं पाणी असतं म्हणून वेग येतो. पिशव्याही वाहत्या द्रवात ठेवल्या तर?

सुरंगी
हो, तर विसरणाची अडचण बरीच कमी होते. रक्तवाहिनीत औषध नेण्याची कल्पना त्यावरच उभी आहे. एर्लांगेनमध्ये मात्र कण हाच निरोप असतो, पिशवी नसते. तू तुझ्या सेमिनारसाठी हे दोन्ही शेजारी ठेवून बघ.

तांबडी_माती
मी दापोली तालुक्यात प्रॅक्टिस करते. धागा तांत्रिक आहे याची जाणीव आहे, पण एक विषय इथेच काढायला हवा, कारण माझ्याकडे येणारी माणसं हे खरोखर विचारतात. लसीतल्या चरबीच्या कणांत लोखंड घातलंय आणि मोबाइलच्या टॉवरवरून त्याला सिग्नल देतात, असा एक मेसेज वाड्यावाड्यांतून अजून फिरतो. एका आजींनी या भीतीने नातवाच्या नेहमीच्या लसीही थांबवल्या होत्या. त्यांना समजावायला मला बराच वेळ बसावं लागलं. मला अशा माणसांवर चिडायचं नाही. त्यांच्या प्रश्नाला पूर्ण उत्तर द्यायचं आहे.

माझ्या बाजूची माहिती मी देते. भारतात सर्वाधिक दिल्या गेलेल्या कोविडच्या दोन लसी म्हणजे कोव्हिशील्ड आणि कोव्हॅक्सिन. पहिलीत निरुपद्रवी केलेला अ‍ॅडिनोव्हायरस आहे, दुसरीत मारलेला कोरोना विषाणू. चरबीचे नॅनोकण या दोन्हींत नाहीत. ते फायझर आणि मॉडर्नाच्या एमआरएनए लसींत आहेत, आणि त्यांतही लोह नाही. एमआरएनए सोडलं तर लिपिड, कोलेस्टेरॉल, क्षार आणि साखर, मुख्यतः एवढंच.

चरबीच्या पिशवीतलं औषध मात्र आपण वापरतोच. २०२१ मध्ये काळ्या बुरशीच्या वेळी ज्या इंजेक्शनसाठी लोक जिल्हाभर धावत होते ते लिपोसोमल अँफोटेरिसिन बी. पिशवीत घातल्याने तेच औषध मूत्रपिंडाला कमी त्रास देतं. कर्करोगाचं डॉक्सिल हे लिपोसोममधलं औषध अमेरिकेत १९९५ सालीच मंजूर झालं. आणि लोहाच्या ऑक्साइडचे नॅनोकणही माणसाला देतात: फेरुमॉक्सिटॉल, २००९ पासून, रक्तक्षयासाठी. ते लोह शरीर यकृत-प्लीहेत पकडून रक्त बनवायला वापरतं. म्हणजे दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या खऱ्या आहेत. त्या जोडून जी कथा केली जाते ती खरी नाही. टॉवरचा भाग कोणी आकड्यांत सांगेल का?

सड्यावरचा
हे मी करतो, डॉक्टर. आमच्या विषयातलंच आहे.

मोबाइल टॉवरच्या लहरींची मर्यादा भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. ९०० मेगाहर्ट्झला ती तेव्हा आली चौरस मीटरला ०.४५ वॉट. तेवढ्या लहरीत चुंबकीय क्षेत्र असतं सुमारे ०.०३५ अँपिअर प्रति मीटर. अनिकेवा यांच्याच गटाच्या २०१५च्या उंदरांवरच्या प्रयोगात १५,००० अँपिअर प्रति मीटर लावलं होतं, ५०० किलोहर्ट्झला. चार लाख पटींचा फरक. उष्णता क्षेत्राच्या वर्गाने वाढते, म्हणजे उष्णतेत फरक शंभर अब्ज पटींहून जास्त. टॉवरची फ्रीक्वेन्सी खूप जास्त असल्याने ही दरी भरून निघत नाही, कारण कणाचं चुंबकत्व तेवढ्या झपाट्याने मागेपुढे वळूच शकत नाही.

आणि सरांचं गणित आहेच. एकटादुकटा कण योग्य क्षेत्रातही पाण्याला तापवू शकत नाही.

तांबडी_माती
शंभर अब्ज पट. हा आकडा मी आशाताईंच्या बैठकीत सांगणार आहे. आभार.

एक डॉक्टर म्हणून विचारते: माणसाच्या मेंदूत हे कधी करता येईल?

भाट्ये_खाडी
अडचण क्षेत्राची आहे. उलटसुलट क्षेत्रात शरीरही तापतं, कारण आपण खारट पाण्याचे बनलेले आहोत आणि त्यात भोवरी प्रवाह, म्हणजे विजेचे गोल फिरणारे प्रवाह, निर्माण होतात. १९८४ साली अ‍ॅटकिन्सन, ब्रेझोविच आणि सहकाऱ्यांनी माणसांवर पाहून एक मर्यादा दिली: क्षेत्र गुणिले फ्रीक्वेन्सी ४८ कोटी ५० लाखांपेक्षा जास्त झालं तर माणसाला ते सोसत नाही. उंदराच्या प्रयोगाचा गुणाकार करून बघा: १५,००० गुणिले ५,००,००० म्हणजे ७५० कोटी. पंधरा पट. उंदराला ते चालतं कारण भोवरी प्रवाहांची उष्णता वेढ्याच्या त्रिज्येच्या वर्गाने वाढते आणि उंदराचं डोकं लहान असतं. युरोपात मेंदूच्या गाठींसाठी २०१० साली कणांनी तापवण्याचा जो उपचार मंजूर झाला, तो १०० किलोहर्ट्झच्या आसपास चालतो. तिथे कण ढीगभर टोचतात आणि गाठ जाळायची असते, निरोप द्यायचा नसतो.

या क्षेत्रात दावे जपून घ्यावेत असं माझं मत आहे. मध्यंतरी फेरिटिन या आपल्याच शरीरातल्या लोह साठवणाऱ्या प्रथिनाला जोडून चेतापेशी चुंबकाने चालवल्याचे लेख आले. फेरिटिनमध्ये फार तर ४५०० लोहअणू मावतात. मार्कुस माइस्टर यांनी २०१६ साली साधं भौतिकशास्त्र लावून दाखवलं की सांगितलेली यंत्रणा दहाच्या ५ ते १० घातांनी, म्हणजे एक लाख ते हजार कोटी पटींनी, कमी पडते. असा हिशेब प्रयोगाच्या आधी मांडण्याची सवय मुलांना लावा.

अष्टागर
मी अलिबागचा. या चर्चेत आमच्या गावाचं नाव यायलाच हवं. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीचं चुंबकत्व मोजत. विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहाने मोजमाप बिघडेल म्हणून वेधशाळेचे प्रमुख मूस यांनी १९०४ मध्ये ते काम अलिबागला आणलं. इमारत पोरबंदरच्या दगडाची, लोखंड कटाक्षाने टाळलेलं. आजही तिथे नोंदी होतात. माझा प्रश्न असा, की पृथ्वीच्या क्षेत्राने किंवा सौरवादळाने या पिशव्या आपोआप उघडतील का?

भाट्ये_खाडी
अलिबागची नोंद हा आपल्या किनाऱ्याचा ठेवा आहे, आठवण काढलीत ते उत्तम केलंत.

पिशव्या उघडणार नाहीत. पृथ्वीचं क्षेत्र आपल्याकडे ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास. २२ नॅनोमीटरच्या एका कणावर त्याची ऊर्जा उष्णतेच्या धक्क्यांच्या चाळिसाव्या भागाइतकी. कण वळणारही नाही. १८५९च्या महावादळात कुलाब्याच्या यंत्रांनी सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण नोंदवली होती. प्रयोगाला लागतात १९ मिलिटेस्ला. वादळ त्याच्या दहा हजाराव्या भागाइतकंही नव्हतं, आणि ते सेकंदाला लाखो वेळा उलटत नाही.

पण निसर्गात एक उदाहरण आहे जिथे चरबीच्या पिशवीतला चुंबकीय कण पृथ्वीचं क्षेत्र ओळखतो. चुंबकानुगामी जीवाणू. इटलीतल्या पाव्हियात बेलिनी यांनी १९६३ साली आणि अमेरिकेत ब्लेकमोर यांनी १९७५ साली चिखलात पाहिले. त्यांच्या पोटात मॅग्नेटाइटचे स्फटिक असतात, ३५ ते १२० नॅनोमीटरचे, प्रत्येकाभोवती लिपिडचा दुहेरी पापुद्रा. एकटा स्फटिक पुरत नाही म्हणून ते त्यांची माळ लावतात. माळेची ऊर्जा उष्णतेच्या दहापट होते आणि आख्खा जीवाणू क्षेत्राच्या रेषेत वळतो. उत्तर गोलार्धात ती रेषा खाली झुकते, तिला धरून पोहत तो चिखलातल्या कमी प्राणवायूच्या थरापाशी पोचतो.

सुरंगीताई, मुलांना खाडीतला चिखल बरणीत भरून आणायला सांगा. वर थोडं पाणी, अंधारी जागा, काही दिवसांनी बरणीच्या बाजूला चुंबक, आणि तिथला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली. कांदळवनाच्या कडेचा चिखल घ्या. लिपिड विकत आणायच्या आधी हा प्रयोग होतो आणि त्याला खर्च नाही.

रापण
चिखल व्हया तेवढो देतंय मी! कोळंबच्या खाडीतलो, कर्लीच्या खाडीतलो, सांगशात तो. पण ताई, घरात पोरग्यानं विचारला, ह्या इंडक्शन शेगडीर ठेवला तर चलात काय?

सुरंगी
चिखल नक्की हवा, दादा. आणि मुलाला सांगा की प्रश्न अगदी योग्य आहे. शेगडीतही उलटसुलट क्षेत्रच असतं, पण साधारण २० ते ४० किलोहर्ट्झचं. आपल्याला त्याच्या दहापट हवं. शिवाय वर लोखंडी बुडाचं भांडं नसेल तर शेगडी बंद होते. भांडं तापतं ते मुख्यतः भोवरी प्रवाहांनी. नॅनोकणात असे प्रवाह नगण्य असतात, तो तापतो ते त्याचं चुंबकत्व क्षेत्राच्या मागे राहिल्याने. मात्र शेगडी उघडून तिच्याशी खेळू नका, आत प्राणघातक व्होल्टेज असतं.

आता आमचा आराखडा मांडते, सगळ्यांनी तपासावा. डीपीपीसी क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून चंबूच्या आत पातळ थर करायचा. मग कण आणि कार्बोक्सिफ्लुरेसिन हे चमकणारं रंगद्रव्य असलेलं पाणी ४१च्या वर, साधारण ५० अंशांना घालून पिशव्या करायच्या. १०० नॅनोमीटरच्या छिद्रांच्या गाळणीतून दाबून आकार सारखा करायचा. हे रंगद्रव्य दाटीत असताना स्वतःची चमक दाबतं आणि बाहेर पडून विरळ झालं की चमकतं, त्यामुळे गळती थेट मोजता येते. कणांना सायट्रेटचं आवरण देणार आहोत, नाहीतर ते पाण्यात गोळा होतात. पाऊस आणि वीज जाणं या दोन गोष्टींचा विचार करून लिपिडचं काम पावसाळ्यानंतर ठेवलंय, कारण ते उणे २० ला ठेवावं लागतं आणि शीतपेटी बंद पडली तर महागडा माल खराब होतो.

भाट्ये_खाडी
चार गोष्टी बघा. पिशव्यांबाहेर राहिलेलं रंगद्रव्य सेफाडेक्सच्या, म्हणजे लहान-मोठे रेणू वेगळे करणाऱ्या जेलच्या, स्तंभातून काढा. मोकळे राहिलेले कण पिशव्यांबरोबरच खाली येण्याची शक्यता आहे, ते वेगळे काढण्याची सोय आधी ठरवा, नाहीतर पाणी कोणी तापवलं हेच कळणार नाही. तापमान धातूच्या थर्मोकपलने मोजू नका, क्षेत्रात तो स्वतःच तापतो. प्रकाशतंतूचा तापमापक कोणाकडून तरी मागून आणा. आणि तुलनेच्या नळ्या हव्यातच: कण नसलेल्या पिशव्या क्षेत्रात, आणि कण असलेल्या पिशव्या क्षेत्राशिवाय नुसत्या गरम पाण्यात, त्याच तापमानाला. शेवटच्या नळीतही तेवढीच गळती झाली तर तुमचा निकाल माझ्या गणिताच्या बाजूचा. जास्त झाली क्षेत्रात, तर प्राले आणि बोथन यांच्या बाजूचा.

सुरंगी
सर, ती गरम पाण्याची नळी हाच मुलांचा मुख्य प्रश्न ठेवते. निकाल कुठल्याही बाजूला लागला तरी इथे आकड्यांसकट टाकेन. दिवाळीच्या सुट्टीत याल का? क्षेत्र निर्माण करणाऱ्या तारेच्या वेटोळ्यात ते खरोखर किती आहे हे मोजायला आमच्याकडे साधन नाही.

भाट्ये_खाडी
येतो. त्याला महाग साधन लागत नाही. तांब्याच्या बारीक तारेचा ५ मिलिमीटर व्यासाचा एकच वेढा करा, दोन्ही टोकं पीळ देऊन ऑसिलोस्कोपला जोडा आणि वेटोळ्याच्या मधोमध धरा. ३०० किलोहर्ट्झला १० मिलिटेस्ला असेल तर पडद्यावर शिखराला सुमारे ०.३७ व्होल्ट दिसायला हवेत. कमी दिसले तर प्रवाह वाढवण्याआधी पाण्याने गार होणारी तांब्याची नळी बसवा. सड्यावरच्यालाही बोलवा, तारेचं काम त्याच्या हातून होऊ दे.

सड्यावरचा
येतो सर. ऑसिलोस्कोपचा प्रोब घेऊन येतो.